कलाकारांना अनुदान देणाऱ्या कार्यक्रमात काम करायचंय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अनुदान विभागात काम करते म्हटलं की पुढचे प्रश्न ठरलेले असतात. कधी ते नोकरीच्या मुलाखतीला निघालेली एखादी मुलगी विचारते, कधी रंगमंचावरून उतरून टेबलामागे बसायचं ठरवलेला नट. मी आधी अर्ज भरणाऱ्यांच्या रांगेत होते, नंतर अर्ज वाचणाऱ्यांच्या. दोन्हीकडचं पाहून जी उत्तरं माझ्यापाशी जमली, ती इथे देते आहे.

दिवसभर नेमकं काय काम असतं?

हे काम हंगामी आहे. आधी योजनेचे नियम आणि अर्जाचा नमुना ठरवायचा. मग कलाकारांपर्यंत माहिती पोचवायची, त्यासाठी फिरायचं, बैठका घ्यायच्या. मुदत संपायच्या आठवड्यात फोन थांबत नाही. त्यानंतर छाननी: अर्ज पूर्ण आहे का, अर्जदार नियमात बसतो का. मग परीक्षकांच्या बैठका, निर्णय, करारपत्रं, पहिला हप्ता.

बाहेरून बघणाऱ्याला वाटतं की इथे काम संपलं. खरं तर निम्मं उरलेलं असतं. संस्थेचं बँक खातं अजून जुन्या अध्यक्षांच्या सहीवर चालतं. सभागृहाची तारीख पुढे गेली. मुख्य नर्तिकेचा पाय मुरगळला, तालीम दोन महिने लांबणार, मग दुसरा हप्ता कधी सोडायचा? अशा गोष्टी रोज येतात आणि प्रत्येकीला त्याच दिवशी उत्तर द्यावं लागतं, कारण पलीकडे कोणीतरी थांबून राहिलेलं असतं.

चित्रं बघण्यात आणि गाणी ऐकण्यात दिवस जाईल अशी कल्पना घेऊन आलात तर पहिले दोन महिने जड जातील. बहुतेक दिवस पत्रं, फोन आणि तक्ते यांतच जातात. पण ज्या तक्त्यात एका माणसाचं पुढच्या सहा महिन्यांचं घरभाडं आहे, तो तक्ता मला कधी कंटाळवाणा वाटला नाही.

त्यासाठी स्वतः कलाकार असावं लागतं का?

नाही. पण कधीतरी स्वतःच्या हातानं काहीतरी उभं केलेलं असावं: एखादा प्रयोग, एखादं प्रदर्शन, एखादी कार्यशाळा. हातात पैसे नसताना सभागृहाचं आगाऊ भाडं कसं जमवतात हे ज्यानं अनुभवलंय, तो करारपत्रात ‘सगळी रक्कम काम पूर्ण झाल्यावर’ असं लिहिताना थबकतो. लहान संस्थेला ते वाक्य अनुदान नाकारल्यासारखंच असतं, कारण आधी खर्च करायला तिच्याकडे पैसेच नसतात.

शिक्षण कुठलं लागतं?

कला व्यवस्थापनाचे अभ्यासक्रम आहेत, त्यांचा उपयोग होतो. माझ्या बरोबरीचे लोक मात्र हिशेब, समाजकार्य, पत्रकारिता, ग्रंथालय अशा कुठून कुठून आलेत. ताळेबंद वाचता यायला हवा. साधं, स्वच्छ गद्य लिहिता यायला हवं. आणि फोनवर समोरच्याचं बोलणं पुरतं होईपर्यंत ऐकून घेता यायला हवं.

कलेला अनुदान लागतंच कशाला? चांगली कला आपल्या पायावर उभी राहत नाही का?

हा प्रश्न घरचेसुद्धा विचारतात, म्हणून जरा सविस्तर सांगते.

विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन या अर्थतज्ज्ञांनी १९६६ साली यामागचं कारण मांडलं. चार वादकांसाठी लिहिलेली रचना दोनशे वर्षांपूर्वी सादर करायला जेवढी माणसं आणि जेवढा वेळ लागायचा, तेवढाच आजही लागतो. मधल्या काळात कारखान्यात एका कामगाराच्या हातून निघणारा माल अनेक पटींनी वाढला आणि त्याबरोबर एकूणच पगार आणि राहणीचा खर्च वाढला. वादकाला घर चालवायचं आहे ते याच वाढलेल्या खर्चात. पण वीस मिनिटांची रचना दहा मिनिटांत उरकून त्याला आपलं ‘उत्पादन’ वाढवता येत नाही. त्यामुळे सादरीकरणाचा खर्च तिकिटाच्या उत्पन्नापेक्षा वेगानं वाढत राहतो. तिकीट महाग केलं तर प्रेक्षक तुटतो, मानधन कमी केलं तर कलाकार. मधली दरी कोणीतरी भरून काढावी लागते.

दुसरं कारण इतकं हिशेबी नाही. कलाकार घडायला जी वर्षं लागतात, त्या वर्षांत विकण्याजोगं काहीच नसतं. महामंदीच्या काळात अमेरिकेत सरकारनं फेडरल आर्ट प्रोजेक्ट चालवला, १९३५ ते १९४३. त्यात चित्रकारांना काम आणि नियमित पगार मिळत होता. जॅक्सन पोलॉक, ली क्रॅसनर आणि मार्क रॉथको हे तिघंही तेव्हा या पगारावर होते. त्यांची जी चित्रं पुढे जगभर गाजली, ती अजून रंगवायची होती.

माझ्या मते अनुदानातून आपण मुख्यतः वेळ देतो. हे एकदा पटलं की या कामातले बाकीचे बरेच निर्णय सोपे होतात.

पैसा कुठून येतो? तो देणारे आपल्यावर दबाव आणतात का?

सरकार, महापालिका, खासगी न्यास, कंपन्या, एकेकटे देणगीदार, असे बरेच स्रोत असतात. दबाव येऊ शकतो, आणि तो यायच्या आधीच नियम लिहून ठेवावे लागतात.

सरकारी पैशाच्या बाबतीत जुना आणि आजही उपयोगी पडणारा मार्ग ब्रिटनमधला आहे. तिथे युद्धकाळातल्या एका समितीतून १९४६ साली आर्ट्स कौन्सिल उभी राहिली. तिच्या आखणीत अर्थतज्ज्ञ जॉन मेनार्ड केन्स यांचा मोठा वाटा होता. पैसा सरकारनं द्यायचा, पण कोणाला किती हे ठरवताना सरकारनं चार हात लांब राहायचं, हे तिचं तत्त्व. अनेक देशांनी ते पुढे आपापल्या परीनं उचललं.

हे अंतर किती नाजूक असतं तेही बघा. अमेरिकेत १९६५ साली नॅशनल एन्डाउमेंट फॉर द आर्ट्स ही कलांना अनुदान देणारी सरकारी संस्था स्थापन झाली. काही कलाकृतींवरून पेटलेल्या वादांनंतर १९९० च्या दशकात तिथल्या काँग्रेसनं, म्हणजे संसदेनं, कलाकारांना थेट दिली जाणारी बहुतेक वैयक्तिक अनुदानं बंद करायला लावली. लेखकांची तेवढी राहिली. म्हणून माझं नव्या सहकाऱ्यांना सांगणं असतं की निवडीचे निकष, परीक्षकांची नेमणूक आणि तक्रारीची पद्धत शांततेच्या काळातच कागदावर आणा. वाद पेटल्यावर लिहिलेला नियम कोणालाच निष्पक्ष वाटत नाही.

अर्ज इतका किचकट का असतो?

कारण त्यातला प्रत्येक प्रश्न कोणीतरी चांगल्या हेतूनं घातलेला असतो. एका वर्षी लेखापरीक्षकानं काहीतरी विचारलं, एक रकाना वाढला. पुढच्या वर्षी एका विश्वस्तांना आकडेवारी हवी होती, आणखी दोन वाढले. काढत मात्र कोणीच नाही.

साधा हिशेब करून बघा. २०० अर्ज आले, अनुदानं २० आहेत, आणि एक अर्ज नीट भरायला २५ तास लागतात असं धरा. सगळ्यांचे मिळून ५,००० तास झाले. त्यातले ४,५०० तास अशा लोकांचे, ज्यांना काहीच मिळणार नाही. तेवढ्या तासांत किती तालमी झाल्या असत्या? आपण वेळ द्यायला बसलो आहोत आणि अर्जाच्या नमुन्यानंच तो खाल्ला, तर सगळा उद्योगच उलटा झाला.

उपाय आहेत. पहिल्या फेरीत दोन पानं मागा. पुढे जाणाऱ्यांकडूनच सविस्तर अंदाजपत्रक आणि कागदपत्रं घ्या. रकमेप्रमाणे अर्ज ठेवा, छोट्या रकमेला छोटा. प्रत्येक प्रश्नासमोर स्वतःला विचारा की याच्या उत्तरानं निवड बदलेल का. बदलणार नसेल तर तो प्रश्न निवड झाल्यावर विचारा. बोलून अर्ज करण्याची सोय द्या. बाहुल्यांचा खेळ करणारे एक वयस्कर कलावंत आमच्याकडे आले होते. लेखी अर्जात त्यांनी तीन ओळी लिहिल्या होत्या, त्यातली एक पत्त्याची. मग त्यांना फोनवर ध्वनिमुद्रण करून पाठवायला सांगितलं. त्यात ते बोलता बोलता उठले, बाहुलीच्या मानेतला दोरा कुठे झिजतो ते आवाजानं ऐकवलं, ‘हा असा करकरला की समजायचं, चार खेळांत तुटणार,’ म्हणाले. सगळे परीक्षक खुर्चीत पुढे सरकून ऐकत होते. त्या तीन ओळींवर निर्णय झाला असता तर तो चुकीचा ठरला असता, आणि चूक आमची असती.

निवड कोण करतं? माझ्या आवडीनिवडीला जागा असते का?

बहुतेक ठिकाणी बाहेरचे परीक्षक असतात: त्या क्षेत्रातले कलाकार, समीक्षक, आयोजक. कार्यक्रम सांभाळणाऱ्यानं मत द्यायचं नसतं. तुमचं काम म्हणजे बैठक नीट चालवणं, नियमांची आठवण देणं, आणि सगळ्यात जास्त बोलणाऱ्या परीक्षकानं बाकीच्यांची मतं गिळू नयेत हे बघणं. परीक्षकांना मानधन द्या आणि दरवर्षी त्यांतले काही बदला.

गुणांची सरासरी ही मोठी फसवी गोष्ट आहे. एका अर्जाला तिघांनी दहापैकी ७, ७ आणि ७ दिले. दुसऱ्याला १०, ९ आणि २. दोघांची सरासरी सातच. पहिला अर्ज सगळ्यांना बरा वाटला. दुसऱ्यात दोघांना काहीतरी विलक्षण दिसलं आणि तिसऱ्याला ते अजिबात पटलं नाही. यादी नुसती बेरजेनं लावली आणि शेवटच्या जागांसाठी ‘कोणाचा आक्षेप नाही ना?’ एवढंच विचारलं, तर दरवर्षी सुरक्षित कामंच निवडली जातील. गुणांमध्ये असा फरक पडलेले अर्ज मी वेगळे काढते आणि बैठकीत सगळ्यात आधी त्यांच्यावर चर्चा लावते, सगळे ताजेतवाने असताना. २ देणाऱ्याला आधी बोलू द्यायचं. कधी त्याला कामातली खरी खोट दिसलेली असते. कधी त्यानं अर्जासोबतचा व्हिडिओच उघडलेला नसतो.

ओळखीच्या माणसाचा अर्ज आला तर?

येणारच. कलेचं क्षेत्र लहान आहे, परीक्षक आणि अर्जदार एकमेकांना ओळखतातच. नातं लेखी जाहीर करायचं आणि त्या अर्जाच्या चर्चेच्या वेळी खोलीबाहेर जायचं. आत बसून गप्प राहणं पुरत नाही. समोर मित्र बसलेला असताना त्याच्या शिष्येच्या कामावर कोणी मोकळेपणानं बोलत नाही. हा नियम तुम्हालाही लागू. आणि अर्जदाराकडून भेटवस्तू घ्यायची नाही, पुस्तकसुद्धा नाही.

एवढी भांडणं करण्यापेक्षा चिठ्ठ्या टाकून निवड केली तर?

हा विचार हसण्यावारी नेऊ नका. आयर्लंडनं २०२२ साली कलाकारांसाठी मूलभूत उत्पन्नाचा प्रयोग सुरू केला. आठ हजारांहून जास्त पात्र अर्जदारांमधून २,००० जणांची निवड कामाच्या दर्जावरून केली नाही, सोडतीसारखी केली, आणि त्यांना आठवड्याला ३२५ युरो देऊ केले. तिथे उद्देश उपजीविकेचा होता, म्हणून ती पद्धत शोभली.

मला स्वतःला मधला मार्ग पटतो. परीक्षकांनी स्पष्टपणे वरचे आणि स्पष्टपणे खालचे अर्ज ठरवावेत. मधल्या गठ्ठ्यात, जिथे अर्ध्या गुणाच्या फरकावर कोणाचं तरी वर्ष ठरतं, तिथे सोडत काढावी आणि तसं उघड सांगावं. नाकारलेल्या माणसाला ‘तुमचं काम कमी पडलं’ यापेक्षा ‘तुमचं काम पात्र होतं, सोडतीत नाव निघालं नाही’ हे खरंही असतं आणि सोसायलाही सोपं जातं.

काही मोठ्या शिष्यवृत्त्यांना अर्जच करता येत नाही, ते कसं?

अमेरिकेतली मॅकआर्थर फेलोशिप तशी आहे. १९८१ पासून ती दिली जाते आणि नावं गोपनीय शिफारशींतून येतात. अर्जदारांचा वेळ पूर्ण वाचतो. पण शिफारस करणाऱ्यांच्या नजरेत जो नाही, तो कायमचा बाहेर राहतो. स्थानिक कार्यक्रमानं ही वाट धरू नये असं मला वाटतं. ज्यांना कोणी ओळखत नाही, त्यांच्यासाठीच आपलं दार आहे.

नकार कसा कळवायचा?

दहातल्या नऊ जणांना आपण नकारच कळवणार असतो. तरीही कार्यालयात सगळ्यात कमी विचार त्याच पत्राचा होतो. मी अर्जदार असताना एका कार्यालयाकडून मला आलेलं पत्र दोन ओळींचं होतं आणि त्यात माझ्या जागी दुसऱ्याच कोणाचं नाव होतं. ते पत्र मी पुष्कळ दिवस जपून ठेवलं होतं. पुढे जेव्हा माझ्यावर अशी पत्रं लिहायची वेळ आली, तेव्हा ते टेबलाच्या खणात ठेवलं.

नकार ठरलेल्या तारखेलाच जायला हवा. निवडलेल्यांची नावं जाहीर होण्याआधी जायला हवा, म्हणजे कोणाला तो दुसऱ्याच्या अभिनंदनाच्या संदेशातून कळणार नाही. किती अर्ज आले आणि किती निवडले, हे आकडे द्या. त्यानं माणसाला आपण कुठे उभे होतो ते समजतं. ‘स्पर्धा फार चुरशीची होती’ या वाक्यानं काही समजत नाही. ज्यांना हवा असेल त्यांना परीक्षकांचा अभिप्राय द्या, फोनवर. आणि तो खरा द्या. अंदाजपत्रकात चूक होती तर तसं सांगा. फक्त पैसा पुरला नाही असं असेल तर उगाच खोट शोधून काढू नका, कारण तो कलाकार पुढचं वर्षभर ती नसलेली खोट दुरुस्त करत बसेल.

फोनवर कधी समोरचा रडतो, कधी चिडतो. चिडलेल्या माणसाचं ऐकून घ्या. तो पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करेल की नाही, हे बरंचसं त्या दहा मिनिटांत ठरतं.

अंदाजपत्रक तपासताना सगळ्यात जास्त कुठली चूक दिसते?

स्वतःचं मानधन शून्य. प्रकाशयोजनेचे पैसे आहेत, वाहतुकीचे आहेत, छपाईचे आहेत, आणि ‘दिग्दर्शक’ या ओळीपुढे शून्य, किंवा नुसती एक रेघ. कलाकाराला वाटतं की त्यामुळे अर्ज काटकसरीचा दिसेल. काही परीक्षकांना तो तसा वाटतोही, आणि मग ज्यांनी प्रामाणिकपणे मानधन लिहिलं त्यांचे अर्ज महाग ठरतात.

मी ती ओळ दिसली की फोन करते. नियमातच लिहून टाकणं त्याहून चांगलं: कलाकाराचं मानधन दाखवणं बंधनकारक आहे आणि त्यामुळे गुण कमी होणार नाहीत. ही एक ओळ आम्ही घातली, तेव्हा ते फोन जवळजवळ थांबले.

संस्थांना द्यायचं अनुदान वेगळं असतं का?

हो, आणि मुख्य फरक भाडं आणि विजेच्या बिलाचा आहे. प्रकल्पासाठी पैसे द्यायला सगळे तयार असतात. पण नाट्यसंस्थेला तालमीच्या जागेचं भाडं द्यावं लागतं, हिशेबनीस लागतो, गळकं छप्पर दुरुस्त करावं लागतं. प्रशासकीय खर्चावर पाच टक्क्यांची मर्यादा घातली की संस्था हा खर्च कुठल्यातरी दुसऱ्या नावाखाली लपवते, आणि आपणच तिला खोटं लिहायला भाग पाडतो. कार्यक्रमात थोडीतरी रक्कम संस्थेच्या रोजच्या खर्चासाठी ठेवा, शक्यतो दोन-तीन वर्षांच्या मुदतीनं. दरवर्षी पुन्हा शून्यातून अर्ज करणारी संस्था चांगली माणसं टिकवू शकत नाही.

जुळवणी निधीची अट, म्हणजे निम्मे आम्ही देतो, निम्मे तुम्ही उभे करा, मोठ्या संस्थांना जमते. ज्यांच्या ओळखीत पैसेवाले नाहीत त्यांना ती आडवी येते. तिथे स्वयंसेवकांचे तास आणि फुकट मिळालेली जागा यांची किंमत धरायला परवानगी द्या.

प्रकल्प फसला तर पैसे परत मागायचे का?

गैरव्यवहार झाला तर हो, मागायचे. पण प्रयोग रंगला नाही, प्रेक्षक आले नाहीत, चित्रमालिका ठरल्यापेक्षा वेगळ्या दिशेनं गेली, याला गैरव्यवहार म्हणत नाहीत. करारात बदल कळवायची सोपी वाट ठेवा: एक पत्र, दोन आठवड्यांत उत्तर. बदल कळवल्याबद्दल शिक्षा होत नाही हे लोकांना दिसलं की ते लपवत नाहीत.

शेवटचा अहवाल कोणी वाचतं का?

वाचला नाही तर मागू नका. माझा आग्रह तीन गोष्टींवर असतो: काय ठरलं होतं, काय झालं, आणि पुढच्या कलाकाराला काय सांगाल. खर्चाचं विवरण वेगळं, पावत्यांसह. ‘किती आयुष्यं बदलली’ असले प्रश्न विचारले की उत्तरं खोटी येतात. अहवाल पोचल्यावर दोन ओळींचं का होईना, उत्तर जरूर पाठवा, त्यातली एखादी नेमकी गोष्ट लिहून. त्यांच्याही लक्षात येतं की पलीकडे माणूस आहे.

एआयकडून लिहून घेतलेले अर्ज ओळखू येतात का? ते बाद करावेत का?

खात्रीनं ओळखता येत नाहीत, म्हणून संशयावर बाद करणं अन्यायाचं आहे. ज्याला औपचारिक भाषा जमत नाही त्याला एआयची मदतही होते. मात्र सगळे अर्ज एकसारखे गुळगुळीत होऊ लागलेत हे खरं. त्यामुळे कामाचे नमुने आणि पाच मिनिटांचं संभाषण यांना जास्त वजन द्या.

पगार कसा असतो? मन थकतं का?

पगार बेताचा, बहुतेक ठिकाणी. मन थकतं ते नकारांनी. निकालाच्या आठवड्यात सगळे फोन एकाच माणसावर टाकू नयेत. आणि ज्यांना अनुदान दिलं त्यांचे प्रयोग, प्रदर्शनं बघायला कार्यालयीन वेळेतच जायला मिळावं, मागून घ्या.

पहिल्या आठवड्यात मी काय करू?

आपल्याच कार्यक्रमाचा अर्ज भरून बघा. पूर्ण भरा, वाचून सोडू नका. मोबाईलवर भरा, कारण पुष्कळ अर्जदारांकडे तेवढंच असतं. एक काल्पनिक नृत्यसंस्था धरा, अंदाजपत्रक करा, छायाचित्रं जोडा, नोंदणीचं प्रमाणपत्र चढवा. मध्येच अर्धा तास उठून जा आणि परत या. भरलेलं टिकलंय का बघा. शब्दमर्यादा ओलांडली की नमुना काय करतो, तेही बघा. किती तास लागले ते लिहून ठेवा, आणि तो कागद वरिष्ठांकडे घेऊन जा.